आकडे कळविणे आणि आकडे वाचणे

ज्या शिक्षकाने काही वर्षे शाळेचे दप्तर सांभाळले आहे, त्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. शाळेतून माहिती वर जाते. ती केंद्रप्रमुखांकडे जाते, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, तेथून जिल्हा परिषदेत व पुढे राज्यास आणि केंद्र शासनास जाते. वर गेलेली ही माहिती पुन्हा खाली येते ती बहुधा एकाच रूपाने, म्हणजे आणखी एका नव्या तक्त्याच्या मागणीच्या रूपाने. त्यामुळे ‘आकडेवारी’ हा शब्द उच्चारताच शिक्षकाच्या कपाळी आठी पडावी, यात नवल नाही.

अलीकडे शासकीय व खाजगी संस्थांतून ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. कार्यशाळांतून त्याचा उच्चार होतो, पडद्यावर रंगीत आलेख दाखविले जातात आणि घरी परतणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात ‘आता आणखी एक पोर्टल’ एवढाच बोध उरतो. वस्तुतः या शब्दाचा अर्थ साधा आहे. गोळा केलेल्या माहितीचे पृथक्करण करून, तिच्यातून निर्णयास उपयोगी पडेल असा अर्थ काढणे, हे ते काम होय. नाडीचे ठोके मोजणे म्हणजे वैद्यक नव्हे. त्या ठोक्यांवरून दुखणे ओळखणे व औषध देणे हे वैद्यक. आपण आजवर ठोके पुष्कळ मोजले. त्यांवरून दुखणे ओळखण्याची रीत आपल्या शाळांत व कार्यालयांत कशी रुजवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माहिती कोठून कोठे आली

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांच्यावर आला. त्या काळी शाळेची माहिती म्हणजे हजेरीपट, दाखलखारीज रजिस्टर व मासिक पत्रके एवढीच असे. १९९४ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर शाळांची माहिती संगणकावर साठविण्याची ‘डायस’ ही व्यवस्था आली. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती ‘यू-डायस’ या एकाच व्यवस्थेत येऊ लागली. २०१५ मध्ये आपल्या राज्यात ‘सरल’ प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांची नावनिशीवार नोंद सुरू झाली. पुढे २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ हे ऑनलाइन रूप आले व २०२२-२३ पासून त्यातही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली.

या प्रवासातील मर्म ध्यानात घ्यावे. पूर्वी शाळा ‘इयत्ता तिसरी, मुले १६, मुली १४’ असे कळवीत असे. आता ती त्या तीसही जणांची नावे कळविते. म्हणजे ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तरही आज आपल्या हाती आहे. दुर्दैव असे की, उत्तर हाती असूनही आपण अजून जुनाच प्रश्न विचारतो. आपल्या आढावा बैठकांत आजही प्रथम विचारले जाते ते ‘किती टक्के?’ असेच.

शेकडा प्रमाणाच्या पोटात काय असते

एक साधे उदाहरण घेऊ. एका वर्गाचा पट ४० आहे आणि महिन्यात कामाचे दिवस २४ भरले. ४० मुलांचे २४ दिवस म्हणजे एकूण ९६० उपस्थिती अपेक्षित. प्रत्यक्षात ८१६ भरली. शेकडा प्रमाण ८५ आले. मासिक पत्रकात ८५ लिहिले, सही झाली, काम संपले.

परंतु या ८५ च्या पोटात दोन निरनिराळ्या शाळा लपलेल्या असू शकतात. पहिलीत १४४ गैरहजेऱ्या चाळीसही मुलांत विखुरलेल्या आहेत. कोणी तीन दिवस आले नाही, कोणी चार दिवस. ताप, पाहुणे, जत्रा, शेतीची घाई ही त्याची कारणे. दुसऱ्या शाळेत ३४ मुले महिनाभर एकही दिवस चुकली नाहीत आणि उरलेली सहा मुले महिनाभर एकही दिवस आली नाहीत. सहा गुणिले चोवीस म्हणजे १४४. गणित तेच, पत्रकातील आकडा तोच. पण पहिल्या शाळेत काळजीचे कारण थोडे आहे, तर दुसरीत सहा मुले शाळेबाहेर गेली आहेत आणि पत्रकात त्याचा मागमूसही नाही.

पृथक्करणाची पहिली पायरी ती हीच. एकत्र केलेला आकडा पुन्हा सुटा करून पाहावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढील बेरीज असतेच. ती उभ्या नजरेने वाचावयाची एवढेच. तीन दिवसांहून अधिक काळ सलग न आलेल्या मुलांची नावे दर शनिवारी वेगळी लिहिणाऱ्या शिक्षकाने पृथक्करणास आरंभ केला असे खुशाल समजावे.

सरासरीचेही असेच आहे. २० गुणांच्या चाचणीत एका वर्गातील दहा मुलांना ११, ११, १२, १२, १२, १२, १२, १२, १३, १३ असे गुण मिळाले. दुसऱ्या वर्गातील दहा मुलांना २०, १९, १९, १९, १८, ६, ५, ५, ५, ४ असे मिळाले. दोन्ही वर्गांची सरासरी १२ च येते. मात्र दुसऱ्या वर्गात बारा गुणांच्या जवळपास एकही मूल नाही. तेथे सरासरी मूल डोळ्यांपुढे ठेवून शिकविणारा शिक्षक अशा मुलास शिकवीत असतो की, जे त्या वर्गात बसलेलेच नाही. म्हणून सरासरीच्या सोबत सर्वांत कमी व सर्वांत अधिक गुण नेहमी लिहावेत आणि शक्य तेथे गुणांची विभागणी काढावी.

माझ्या हातून घडलेली एक चूक

हे सर्व पुस्तकी ज्ञान माझ्याजवळ होते. तरीही काही वर्षांपूर्वी माझ्या हातून जी चूक घडली, ती येथे सांगणे मला अवश्य वाटते.

माझ्याकडे असलेल्या एका केंद्रातील लहानशा शाळेचे तिसरीच्या वाचनाचे आकडे मी पाहत होतो. चाचणी दोन्ही वर्षी जानेवारीत झालेली. आदल्या वर्षी उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ६७ होते. त्या वर्षी ते ५७ वर आले. एका वर्षात दहांची घसरण! केंद्रातील इतर शाळा पुढे सरकत असता ही एकच मागे गेलेली. मी त्या शाळेच्या गुरुजींना पत्र पाठविले व ‘घसरणीचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा’ असे लिहिले. पत्राची भाषा कठोर होती, हे आज मान्य करतो.

तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. त्यांनी खुलासा लिहून आणला नव्हता. दोन वर्षांचे हजेरीपट मात्र आणले होते. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले व म्हणाले, “साहेब, मला लिहिता आले नाही. आपणच पाहावे.”

मी पाहिले. योगायोगाने दोन्ही वर्षी तिसरीचा पट ३० च होता. गाव ऊसतोडणी कामगारांचे. दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात निघून जात व ती मार्च-एप्रिलात परतत. आदल्या वर्षी चाचणीच्या दिवशी नऊ मुले आईबापांबरोबर फडावर होती. चाचणी दिली ती २१ मुलांनी. त्यांतील १४ वाचणारी निघाली. प्रमाण शेकडा ६७. पुढच्या वर्षी गुरुजींनी दिवाळीपूर्वी घरोघर फिरून पालकांची समजूत घातली, शाळा व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने हंगामी वसतिगृह सुरू केले आणि स्थलांतर करणाऱ्या घरांतील आठही मुले आजी-आजोबांजवळ गावातच ठेवून घेतली. त्या वर्षी चाचणीस तीसच्या तीस मुले बसली. नित्य गावात राहणाऱ्या २२ मुलांपैकी १५ वाचू शकली, म्हणजे शेकडा ६८. आणि ज्यांनी पहिली-दुसरीचा अर्धाअधिक काळ फडावर काढला होता अशा आठ मुलांपैकी दोघे वाचू शकले. एकूण वाचणारे १७. तीसपैकी सतरा म्हणजे ५७.

आता हिशोब पुन्हा मांडू. पटावरील सर्व मुले धरली असती, तर आदल्या वर्षीचे प्रमाण तीसपैकी चौदा म्हणजे ४७ येत होते. ते ५७ झाले होते. मी ज्यास दहांची घसरण म्हणून खुलासा मागितला, ती वस्तुतः दहांची चढण होती. गुरुजींनी आठ मुले शाळेत टिकविली आणि त्याबद्दल माझ्या कार्यालयाने त्यांना जाब विचारला! त्यांनी ती आठ मुले फडावर जाऊ दिली असती, तर त्यांच्या शाळेचा आकडा शेकडा ६८ आला असता आणि बहुधा मी त्यांचे अभिनंदन केले असते.

मी पत्र मागे घेतले व तसे लेखी कळविले. परंतु त्यानंतर मनात एक विचार राहून गेला. हे गुरुजी हजेरीपट काखोटीस मारून आले. सर्वच येतात असे नाही. किती शिक्षकांनी अशी पत्रे निमूटपणे घेऊन, पुढील वर्षी आकडा चांगला कसा दिसेल एवढीच काळजी वाहिली असेल?

या प्रसंगातून दोन नियम मी स्वतःपुरते घालून घेतले. पहिला: शेकडा प्रमाण दिसताच, ‘शंभर कोणास मानले आहे?’ हे विचारावे. छेदात पट आहे, की हजर मुले, की चाचणी दिलेली मुले? छेद बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो. दुसरा: आकड्यात काही विपरीत दिसले तर प्रथम प्रश्न विचारावा, खुलासा मागू नये. प्रश्नाच्या उत्तरात माहिती मिळते; खुलाशाच्या उत्तरात सबबी मिळतात.

यात आणखीही एक बोध आहे. यू-डायसच्या माहितीचा संदर्भदिनांक प्रदीर्घ काळ ३० सप्टेंबर हा राहत आला. त्या दिवशी ऊसतोडणीच्या गावांतील मुले बहुधा गावातच असतात. गाळपाचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. ३० सप्टेंबरची नोंद खरीच असते. परंतु जे मूल डिसेंबरात शाळेत नाही, ते तीत दिसणार नाही. वर्षातून एकदा घेतलेल्या माहितीस वर्षभराचे सत्य समजू नये.

लहान संख्यांचा खेळ

आपल्या जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांचा पट वीसच्या आत आहे. अशा शाळांच्या बाबतीत शेकडा प्रमाण काढताना विशेष सावधगिरी हवी. वर्गात सहा मुले असतील, तर एकेक मूल म्हणजे जवळजवळ १७ टक्के. एका मुलास चाचणीच्या दिवशी ताप आला, की शाळा १७ टक्क्यांनी ‘घसरते’. एखादे हुशार मूल दुसऱ्या गावाहून आले, की तेवढीच ‘प्रगती’ करते. तालुक्याची गुणानुक्रमे यादी लावली, तर तिच्या अगदी वर व अगदी तळाशी बहुधा लहान शाळाच दिसतात आणि मोठ्या शाळा मध्ये राहतात. हा शिक्षकांच्या कर्तृत्वाचा किंवा आळसाचा परिणाम असेलच असे नाही. तो लहान संख्यांचा स्वभाव आहे. म्हणून दहाहून कमी मुलांच्या वर्गाचे शेकडा प्रमाण काढूच नये. ‘सहापैकी चार’ असे लिहावे आणि उरलेल्या दोघांची नावे लिहावीत. एवढ्या लहान वर्गात नाव हेच खरे पृथक्करण.

चुकीच्या उत्तरात दडलेली माहिती

शिक्षकाच्या दृष्टीने पृथक्करणाचा सर्वांत फलदायी भाग कोणता असेल, तर तो चुकलेल्या उत्तरांचा अभ्यास होय. गुणपत्रक एवढेच सांगते की, वजाबाकी दहा मुलांची चुकली. कशी चुकली हे उत्तरपत्रिका सांगते.

समजा ५४ वजा २८ हे उदाहरण दिले. बरोबर उत्तर २६. आता चुकलेली उत्तरे पाहू. काही मुलांनी ३४ लिहिले. त्यांनी एककांत आठातून चार वजा केले. मोठ्यातून लहान वजा करावयाचे एवढेच त्यांनी धरून ठेवले आहे. काहींनी ३६ लिहिले. त्यांनी दशक सुटा केला, चौदातून आठ वजा केले, पण दशकांच्या घरातील पाचाचे चार करण्यास ते विसरले. काहींनी ८२ लिहिले. त्यांनी चिन्ह न पाहता बेरीज केली. गुणपत्रकात या सर्वांना शून्यच मिळाले. परंतु पहिल्या गटास दशकाचे सुटे करणे काड्यांच्या गठ्ठ्यांनी मुळापासून शिकवावे लागेल, दुसऱ्यास मांडणीची सवय लावावी लागेल आणि तिसऱ्यास उदाहरण नीट वाचावयास सांगितले की पुरे. तिघांनाही सरसकट ‘वजाबाकीचा अधिक सराव’ देणे म्हणजे तीन रोगांवर एकच काढा देणे होय.

येथे प्रश्न निवडण्याचेही शास्त्र आहे. उदाहरण ५३ वजा २८ असे दिले असते, तर पहिल्या प्रकारच्या चुकीचे उत्तर ३५ आले असते आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीचेही ३५ च. दोन्ही चुका एकमेकींत मिसळून गेल्या असत्या व कोणतेही संगणकीय साधन त्या वेगळ्या करू शकले नसते. माहितीचा दर्जा ती गोळा करण्यापूर्वीच, म्हणजे प्रश्न काढतानाच ठरतो.

सर्वांना विचारावे, की काहींना?

प्रत्येक गोष्टीची माहिती प्रत्येक शाळेकडून घेतलीच पाहिजे, असा एक समज कार्यालयांत रूढ आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. या बाबतीत आपल्याच मातीतील एका थोर संख्याशास्त्रज्ञाचे स्मरण उचित होईल. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या कामी नमुना पद्धती रुजविली. त्यापूर्वी पीक किती आणे आले हे मुख्यत्वे नजरेने ठरविले जाई. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही आवडी-निवडीस वाव न ठेवता, काही शेते निवडावयाची. त्यांतील ठरावीक मापाचा तुकडा कापावयाचा, मळावयाचा व धान्य वजन करावयाचे. आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधावयाचा, अशी ती रीत. सर्व शेतांवर नजर फिरविण्यापेक्षा थोड्या शेतांत काळजीपूर्वक केलेले मोजमाप अधिक विश्वसनीय असते, हे तिचे सार.

शिक्षणातही हेच तत्त्व वापरले जाते. २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भागातील निवडक घरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासत आले आहे. शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ व २०२१ मध्ये झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण इयत्ता तिसरी, सहावी व नववीसाठी झाले. ही सर्व नमुना सर्वेक्षणे आहेत. ती जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र दाखवितात. एका शाळेचे वा एका शिक्षकाचे नव्हे. जिल्ह्याचा निकाल हाती घेऊन एखाद्या शाळेस बोल लावणे, म्हणजे तालुक्याच्या पीकअंदाजावरून एका शेतकऱ्यास आळशी ठरविणे होय. उलट, वर्गातील अमुक मुलास काय शिकवावे, हे ठरविण्यास नमुना उपयोगी नाही. तेथे प्रत्येक मूलच तपासले पाहिजे. कोणत्या प्रश्नास कोणती माहिती, हे ओळखणे महत्त्वाचे.

आकडा साध्य झाला की बिघडतो

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले, ते पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की, एखादे माप नियंत्रणाचे साधन म्हणून वापरू लागले, की ते मापच भरवशाचे राहत नाही. आपणांस याची साक्ष काढण्यासाठी इंग्लंडला जावयास नको. शिक्षकांची पदे, अनुदान व शालेय साहित्य पटावर अवलंबून असल्यामुळे पट फुगविण्याचा मोह काही ठिकाणी झाला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी करण्याची वेळ शासनावर आली.

म्हणून गुणवत्तेच्या आकड्यांबाबत वरिष्ठांनी एक पथ्य पाळावे. ज्या आकड्यावरून मुलास मदत द्यावयाची, त्याच आकड्यावरून शिक्षकास शिक्षा देऊ नये. ‘वर्गात बारा मुले वाचत नाहीत’ असे खरे लिहिणाऱ्या शिक्षकाचे बैठकीत वाभाडे निघू लागले, तर पुढील महिन्यात ती बारा मुले कागदावर वाचू लागतील. मग कितीही सूक्ष्म पृथक्करण केले, तरी ते कागदाचे पृथक्करण ठरेल. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ पासून सुरू झाले. तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचन व पायाभूत गणित यावे, हे त्याचे साध्य. हे साध्य खरेपणाने गाठावयाचे, तर ‘अजून येत नाही’ असे निर्भयपणे लिहिण्याची मुभा शिक्षकास असली पाहिजे.

आरंभ कसा करावा

कोणत्याही संस्थेत पृथक्करणाची पद्धत रुजविताना यंत्रसामग्रीपासून आरंभ करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. आधी प्रश्न ठरवावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षारंभी दोन किंवा तीनच प्रश्न निवडावेत. उदाहरणार्थ, ‘दिवाळीनंतर कोणती मुले गाव सोडतात?’ किंवा ‘तिसरीतील कोणती मुले अजून शब्दांपाशी अडली आहेत?’ ज्या माहितीने एकाही निर्णयात फरक पडणार नाही, ती मागू नये.

२. शब्दांच्या व्याख्या एक कराव्यात. ‘नियमित’ म्हणजे महिन्यातून किती दिवस? ‘वाचता येते’ म्हणजे अक्षरे, शब्द, उतारा की गोष्ट? दहा शाळांनी दहा अर्थ घेतले, तर त्यांची बेरीज निरर्थक होय.

३. एक माहिती एकदाच घ्यावी. जी पोर्टलवर आहे, ती पुन्हा कागदावर व भ्रमणध्वनीवरील गटावर मागू नये. मागण्यापूर्वी शोधण्याचे कष्ट कार्यालयाने घ्यावेत; शिक्षकाचा अध्यापनाचा वेळ ही कार्यालयाच्या सोयीची वस्तू नव्हे.

४. माहिती पडताळून पाहावी. शाळाभेटीत पाच मुले कोणतीही निवड न करता बोलवावीत व त्यांचे वाचन नोंदीशी ताडून पाहावे. ही पडताळणी दोष काढण्यासाठी नसून, आपल्या मापाची खात्री करून घेण्यासाठी आहे, हे आधी सांगावे.

५. माहिती शाळेस परत द्यावी. हा सर्वांत महत्त्वाचा नियम. चाचणीनंतर पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक शाळेस एका पानाचे टिपण मिळावे: मुलांची विभागणी, मागील चाचणीशी तुलना, नेमक्या चुका. संगणकावरील साध्या तक्त्यात हे काम होते.

६. वाचनाचा दिवस नेमावा. महिन्यातून एक तास मुख्याध्यापक व शिक्षकांनी केवळ आकडे वाचण्यासाठी एकत्र बसावे. प्रत्येक आकड्यास चार प्रश्न विचारावेत: काय घडले? का घडले असावे? असेच चालले तर पुढे काय होईल? आता आपण काय करणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणी, केव्हा करावयाचे यासह लिहून ठेवावे आणि पुढील महिन्यात प्रथम तेच वाचावे.

या क्रमाचे एक उदाहरण देतो. गाव सोडणाऱ्या मुलांची यादी दिवाळीपूर्वी तयार असेल, तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो; जी मुले तरीही जाणार असतील, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देता येते व ती जेथे जातील तेथील शाळेस कळविता येते. हीच यादी जानेवारीत तयार झाली, तर ती केवळ नोंद ठरते. माहिती तीच; पण ती निर्णयाच्या आधी आली, की नंतर, यावर मुलाचे एक वर्ष अवलंबून असते.

माहिती मुलाची आहे

आणखी एक दक्षता. मुलांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, अपंगत्व, पालकांचा व्यवसाय अशी नाजूक माहिती आपल्या हाती असते. ती भ्रमणध्वनीवरील गटांवर पसरविणे, ‘अप्रगत’ मुलांच्या नावांची यादी भिंतीवर लावणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसंबंधी विशेष तरतूद केली आहे. परंतु कायद्याच्या आधीही शिक्षकाचा धर्म आहेच. मुलाची उणीव आपणांस कळली ती ती भरून काढण्यासाठी. चारचौघांत सांगण्यासाठी नव्हे.

समारोप

संगणक आता पुष्कळ काही करू शकतो. कोणते मूल शाळा सोडण्याचा संभव आहे, याचा अंदाजही उपस्थितीच्या नोंदींवरून बांधता येतो. परंतु अंदाज कितीही अचूक असला, तरी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आजीशी बोलावयाचे काम गुरुजींनाच करावे लागते. पृथक्करणाने एवढेच साधते की, कोणत्या घरी जावयाचे हे वेळेत कळते. एवढे साधले तरी ते थोडे नव्हे.

मागे सांगितलेल्या शाळेस मी नंतरच्या वर्षी पुन्हा भेट दिली. ती आठ मुले चौथीत होती. गुरुजींनी त्यांची नावे एका वहीत वेगळी लिहिली होती व प्रत्येक नावापुढे दर महिन्याची वाचनाची पायरी नोंदविली होती. त्यांपैकी पाच उतारा वाचू लागली होती, दोघे शब्दांवर होते. एका नावापुढे नोव्हेंबरापासून रकाना कोरा होता. मी काही विचारण्यापूर्वीच गुरुजी म्हणाले, “याची आजी वारली. सांभाळावयास कोणी नाही, म्हणून तो फडावर गेला. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत टोळी आहे, ते शोधून काढले आहे. तेथील शाळेस पत्र लिहावयाचे आहे.”

ते पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिले. पत्रकात त्या महिन्याची उपस्थिती शेकडा ९४ अशी गेली होती आणि ती बरोबरच होती.